शेवटची दोन अक्षरं

संध्याकाळी उशिरा मैत्रिणीचा फोन आला. ती अनुवादाचं काम करते. बरीच वर्षं इतरांच्या कंपन्यांमार्फत केलं, आता स्वतःच्या नावाने करायचं ठरवलं होतं. वेबसाइटसाठी डोमेन, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याचं नाव, घ्यायचं होतं आणि त्यासाठी तिने मला आपली स्क्रीन दाखवायला घेतली. नाव शोधायची गरज नव्हती, स्वतःचंच नाव, आडनावासकट. तिने ते चौकटीत लिहिलं, एन्टर दाबलं आणि खाली ती ओळखीची रांग उलगडली. नाव तेच, शेवट मात्र दर ओळीला निराळा. डॉट कॉमपुढे राखाडी अक्षरांत ‘उपलब्ध नाही’. तो पत्ता उघडून पाहिला तर पान रिकामं होतं, मधोमध एकच ओळ होती: हे डोमेन विकायचं आहे. तिच्या देशासाठी ठरलेल्या दोन अक्षरांच्या शेवटापुढे मात्र हिरवी खूण. मी म्हटलं, ‘घेऊन टाक. आख्खं नाव सहसा मिळत नाही कुणाला.’ ती काही बोलली नाही. माऊसचा बाण त्या हिरव्या खुणेभोवती फिरत राहिला. मग म्हणाली, ‘अगं, पण हे घेतलं तर लोकांना वाटेल, ही इथलीच आहे.’

‘आहेसच ना तू?’

‘आहे गं. पण तसं दिसायला नको.’

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. फोन ठेवला, पण तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. छोट्या संस्थांच्या आणि एकट्याने काम करणाऱ्या माणसांच्या वेबसाइट सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे ‘देशाचं घेऊ की कॉम?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. माझं उत्तरही ठरलेलं असतं. काम एकाच देशात असेल तर देशाचं घ्या, चार देशांत असेल तर कॉम घ्या, मिळत असतील तर दोन्ही घ्या. या उत्तरात चूक काही नाही. पण मैत्रिणीने जे बोलून दाखवलं त्याचा गिऱ्हाइकांशी संबंध कमी होता. आपण अमुक ठिकाणचे आहोत हे पत्त्यात उमटलं की आपली किंमत कमी होते, अशी ती भीती होती. गुणी, दोन-तीन भाषांमध्ये सहज वावरणाऱ्या बाईला असं वाटावं, याचं मला वाईट वाटलं. आणि ही भीती अगदीच खोटी आहे असंही मला म्हणवेना.

ही भीती मुळात आली कुठून, याचा विचार करताना मी 1984 सालापर्यंत मागे गेले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, इंटरनेटची घडी बसवणाऱ्यांपैकी जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी डोमेनच्या रचनेचं एक टिपण प्रसिद्ध केलं. त्यात नावांचे शेवट दोन तऱ्हेचे होते. एक तऱ्हा कामाची: व्यापार असेल तर कॉम, शिक्षण असेल तर एज्यु, सरकार असेल तर गव्ह, लष्कर असेल तर मिल, यांपैकी कशातच न बसणाऱ्या संस्थांना ऑर्ग. दुसरी तऱ्हा देशांची, दोन-दोन अक्षरांची. 15 मार्च 1985 रोजी सिम्बॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीने पहिलं डॉट कॉम नोंदवलं. ती कंपनी अमेरिकी होती, आणि तिच्यामागून आलेली बहुतेक नावंही अमेरिकीच. अमेरिकेलाही आपली दोन अक्षरं मिळाली होती, डॉट यूएस. पण तिथल्या व्यापाऱ्यांनी ती क्वचितच वापरली. ते आपल्या घरात होते, आपण कुठले हे सांगायची वेळच त्यांच्यावर येत नव्हती. बाकीचं जग नंतर येऊ लागलं आणि येताना आपापल्या देशाचं नाव लावून आलं. ज्याला गाव सांगावं लागत नाही तो मोठा, असा समज तेव्हापासून मुरला असावा. आज डॉट कॉमची 15 कोटींहून अधिक नावं नोंदलेली आहेत, त्यांत सगळ्या खंडांतली माणसं आहेत, पण तो जुना समज काही पुसला गेलेला नाही.

पोस्टेल यांच्याबद्दल मला फार आदर आहे. कुठल्या देशाला कोणती अक्षरं द्यायची यावरून भांडणं होणार हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची 3166 क्रमांकाची, देशांच्या संकेताक्षरांची तयार यादी उचलली, आणि 1994 च्या आरएफसी 1591 या टिपणात स्पष्ट लिहिलं की कोणता देश आहे आणि कोणता नाही हे ठरवण्याचा धंदा आमचा नाही. यादीत आहे ना, मग अक्षरं मिळतील. इतकी साधी भूमिका घेतल्यामुळे एक मोठा वाद टळला. पण यादी माणसांची असते आणि देशही माणसांचेच. देश फुटतात, बुडतात, नवे जन्मतात. मग त्या दोन अक्षरांचं काय होतं?

हे मला पहिल्यांदा कळलं ते एका पुस्तकामुळे. बाल्कन भागातल्या भाषांवरचं अभ्यासाचं जुनं पुस्तक होतं. कापडी बांधणी, पानांच्या कडा तांबूस झालेल्या, उघडलं की दमट कागदाचा वास. प्रस्तावनेच्या शेवटी लेखकाने आपला ईमेल दिला होता, आणि त्या पत्त्याच्या शेवटी होतं डॉट वाययू. पुस्तक वाचून एक शंका मनात आली होती. मी मोठ्या उत्साहाने पत्र लिहिलं आणि पाठवलं. क्षणात परत आलं: असं डोमेन अस्तित्वात नाही. एखादी व्यक्ती आपला पत्ता बदलते, नोकरी सोडते, हे समजू शकतं. इथे पत्त्याचा देशाचा भागच नाहीसा झाला होता.

वाययू म्हणजे युगोस्लाव्हिया. 1989 मध्ये हा शेवट मिळाला तेव्हा तो सांभाळायला होती स्लोव्हेनियातली विद्यापीठाची माणसं. दोन वर्षांत स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. आता ज्या देशाचा शेवट ते सांभाळत होते त्या देशाचे ते नागरिकच राहिले नव्हते. 1994 मध्ये तो शेवट सर्बियातल्या बेलग्रेडकडे गेला. पुढे सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोही वेगळे झाले, सर्बियाला आरएस मिळालं, मॉन्टेनेग्रोला एमई, आणि 30 मार्च 2010 रोजी डॉट वाययू बंद झालं. ज्यांनी त्यावर संशोधनाचे लेख, वर्तमानपत्रं, घरगुती पानं मांडली होती, त्यांना मुदत दिली गेली होती. ज्यांना जमलं त्यांनी हलवलं. युद्धाच्या काळात तिथल्या लोकांनी जालावर जे लिहून ठेवलं होतं त्यातलं बरंच पुन्हा कुठे मांडलं गेलं नाही. त्या लेखकाचा नवा पत्ता मला नंतरही सापडला नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट सोव्हिएत संघाची. डॉट एसयू सप्टेंबर 1990 मध्ये मिळालं, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात संघच उरला नाही, तरी तो शेवट आजही चालू आहे. आणि पूर्व तिमोरची गोष्ट तर मी कितीही वेळा सांगू शकते. 1997 मध्ये तिमोर इंडोनेशियाच्या ताब्यात होता. त्यावेळी डब्लिनमधल्या कनेक्ट आयर्लंड नावाच्या छोट्या इंटरनेट कंपनीने तिमोरच्या बाजूने उभं राहून डॉट टीपी चालवायला घेतलं. जमिनीवर देश नव्हता, पण डोमेनच्या जगात होता. जानेवारी 1999 मध्ये त्या कंपनीच्या यंत्रणेवर जबरदस्त हल्ला झाला. 20 मे 2002 रोजी देश खरोखर स्वतंत्र झाला, नव्या नावाप्रमाणे डॉट टीएल मिळालं, आणि टीपी 2015 मध्ये कायमचं मिटलं. दोन अक्षरांवर कुणी हल्ला करावा, आणि कुणी परक्या गावात बसून ती जपावीत, एवढं त्यांत काही असतं, हे मला या गोष्टीने शिकवलं.

म्हणून देशाचा शेवट वाचताना मला अजूनही आत काहीतरी हलल्यासारखं होतं. पत्त्याच्या शेवटी आयएस दिसलं की आइसलँड. एनझेड दिसलं की माझ्याकडे दुपार असताना तिथे रात्र पडली असणार. पान उघडायच्या आधीच कुणीतरी कुठेतरी बसून हे लिहिलं आहे याची जाणीव होते. डॉट कॉम हे करू शकत नाही. सगळीकडे सारखं दिसणं हेच त्याचं काम आहे.

पण हल्ली दोन अक्षरं दिसली म्हणून देश दिसतोच असं राहिलेलं नाही.

तुवालू हा नऊ बेटांचा देश, लोकसंख्या 11,000 च्या आसपास. त्याला यादीतून मिळालेली अक्षरं होती टीव्ही. जगभरच्या चित्रवाणी कंपन्यांना ती हवी होती. तुवालूने ती वापरायचे हक्क पैसे घेऊन दिले आणि त्या पैशांच्या आधाराने 5 सप्टेंबर 2000 रोजी संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळवलं. समुद्र वर चढतो आहे आणि त्या देशाला आपली बाजू जगासमोर मांडायला जी जागा मिळाली ती या दोन अक्षरांमुळे परवडली, हे वाचून मला खरंच आनंद झाला होता. कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाचंही तसंच. लोकसंख्या 16,000 च्या आसपास, अक्षरं एआय. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि 2023 मध्ये या डोमेनमधून बेटाला सुमारे 3.2 कोटी अमेरिकी डॉलर मिळाले, सरकारी उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. हे पैसे बेटाच्या तिजोरीत जातात, तेव्हा कुणी एआय घेतलं तर मला त्यात वावगं वाटत नाही.

डॉट आयओकडे मात्र मला अजूनही निवांत मनाने पाहता येत नाही. संगणकाच्या लोकांना इनपुट-आउटपुटची आठवण करून देणारा, चटपटीत, आधुनिक वाटणारा हा शेवट ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरीचा आहे, म्हणजे हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचा. त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ हवा होता म्हणून 1968 ते 1973 या काळात तिथल्या दीड-दोन हजार रहिवाशांना बेटांवरून हलवण्यात आलं आणि मॉरिशस, सेशेल्समध्ये नेऊन सोडण्यात आलं. 1997 मध्ये त्या बेटांची अक्षरं डोमेन म्हणून चालू झाली तेव्हा तिथे मूळ रहिवाशांपैकी कुणीही नव्हतं. खाजगी कंपनीने ती विकली, हजारो उद्योगांनी घेतली, आणि विस्थापितांनी त्या कमाईत आपला वाटा मागितला तो पुष्कळ नंतर. 3 ऑक्टोबर 2024 रोजी ब्रिटनने बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचं जाहीर केलं, 22 मे 2025 रोजी करारावर सह्या झाल्या. आयएसओच्या यादीतून आयओ उद्या निघालं, तर ठरलेल्या नियमानुसार तो शेवट बंद करायला पाच वर्षांची मुदत असते, फार तर आणखी पाच वर्षं वाढवून मिळते. ज्यांनी केवळ रूपावर भाळून तो घेतला, त्यांच्या दारावर अशा रीतीने एका निर्जन केलेल्या बेटाचा इतिहास येऊन उभा राहिला आहे. आयओ कुणी माझ्याकडे मागितलं तर मी ही हकिकत सांगते आणि दुसरं काही घ्यायला सुचवते. मुदतीची भीती हे एक कारण झालं. त्याहून मोठं कारण हे, की ज्या माणसांना तिथून उठवलं त्यांच्या नावाने आपण मिरवू नये असं मला वाटतं.

दुसऱ्या देशाची अक्षरं घेतली की त्या देशाचा कायदाही घेतला जातो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लांब पत्ते छोटे करून देणारी एक सेवा डॉट एलवायवर होती. एलवाय म्हणजे लिबिया. 2010 मध्ये तिथल्या रजिस्ट्रीने, म्हणजे त्या शेवटाची नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेने, मजकूर आपल्या कायद्यात बसत नाही म्हणून ते नाव काढून घेतलं. फेब्रुवारी 2024 मध्ये अफगाणिस्तानच्या डॉट एएफवर समलिंगी समाजाने चालवलेलं एक व्यासपीठ तालिबानच्या मंत्रालयाने बंद केलं. कानाला गोड लागलं म्हणून नाव घेणाऱ्यांनी त्या देशाचं राज्य कुणाकडे आहे हे पाहिलेलं नसतं. आणि स्वतःच्याच देशाच्या अक्षरांनाही अटी असतातच. कॅनडाचं सीए घ्यायचं तर कॅनडाशी नातं दाखवावं लागतं, ऑस्ट्रेलियाचं एयू घ्यायचं तर ऑस्ट्रेलियाशी. जर्मनीचं डीई त्या मानाने मोकळं आहे, त्याची दीड कोटींहून जास्त नावं आहेत. मला या अटी आवडतात. पत्त्यामागे त्या देशात कुणीतरी जबाबदार माणूस आहे, गाठायचं ठरवलं तर गाठता येईल, एवढी हमी त्यांतून वाचणाऱ्याला मिळते. फक्त हे नातं दोन्ही बाजूंनी टिकावं लागतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तेव्हा डॉट ईयूवर ब्रिटनमधल्या लोकांची नावं होती. 1 जानेवारी 2021 रोजी त्यांतली 80,000 च्या आसपास नावं एका फटक्यात थांबवली गेली.

मग कॉमच घ्यावं, ते तरी कुणाचं नाही, असं वाटू लागतं. मलाही पूर्वी तसं वाटायचं. पण डॉट कॉमची मूळ वही व्हेरिसाइन या कंपनीकडे असते, ती कंपनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात आहे, आणि तिला तिथले कायदे लागू आहेत. नाव विकणारी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार, अमेरिकी असेल तर तिलाही. स्पेनमध्ये राहणारा एक इंग्रज माणूस युरोपातल्या प्रवाशांना क्यूबाच्या सहली विकायचा. त्याच्या वेबसाइट अनेक भाषांत होत्या, धंदा त्याच्या देशात पूर्ण कायदेशीर. 2007 च्या ऑक्टोबरात त्या एकाएकी बंद पडल्या. अमेरिकी अर्थखात्याच्या निर्बंध यादीत त्याचं नाव होतं, त्याचा रजिस्ट्रार अमेरिकेत होता, आणि रजिस्ट्रारने यादी पाहून नावं गोठवली. त्याला युरोपातल्या रजिस्ट्रारकडे जाऊन नवी नावं घ्यावी लागली. आपण जगाचे आहोत असं समजून ज्या पत्त्यावर तो बसला होता, तोही एका देशाच्या कायद्यात होता. फरक इतकाच, की पत्त्यावर त्या देशाची दोन अक्षरं लिहिलेली नव्हती.

ऑर्गचंही सांगते, कारण सेवाभावी संस्था ते डोळे मिटून घेतात. 2019 मध्ये ऑर्ग चालवणारी संस्था एका खाजगी गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरलं होतं. जगभरातून विरोध झाला आणि 30 एप्रिल 2020 रोजी डोमेनचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्या विक्रीला नकार दिला. त्या काही महिन्यांत मी ज्यांचं काम पाहते त्या संस्थांची माणसं मला विचारत होती, आमचं नाव कुणाच्या हातात जाणार? इतकी वर्षं त्यांना तो प्रश्न पडला नव्हता.

या दोन तऱ्हांच्या मधली एक वाट मला फार आवडली. 2005 मध्ये स्पेनमधल्या कातालोनियाच्या कातालान भाषेला आणि संस्कृतीला स्वतःचा शेवट मिळाला, डॉट कॅट. देश नाही, व्यापार नाही, भाषा हाच पत्ता. त्या भाषेत लिहिणारा कुठल्याही देशात राहत असो, त्याला ते नाव मिळू शकतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या पानापाशी थांबले होते. आपल्या लिपीत 2014 पासून डॉट भारत आहे, तेही देवनागरीत वाचताना छान वाटतं, पण ते देशाचंच नाव, आणि पुष्कळ ईमेल यंत्रणा अजून ते ओळखताना अडखळतात. नुसत्या भाषेचा शेवट म्हणजे राहण्याचा दाखला न मागता आपलं म्हणणं. अर्थात सत्ता तिथेही पोहोचली. 20 सप्टेंबर 2017 रोजी, कातालोनियातल्या स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या तोंडावर, स्पेनच्या पोलिसांनी डॉट कॅट चालवणाऱ्या प्रतिष्ठानच्या कार्यालयाची झडती घेतली. जिथे कुणाचीच हद्द नाही असा शेवट मी अजून पाहिलेला नाही.

या सगळ्यानंतर मैत्रिणीचा प्रश्न पुन्हा हातात घेतला, तेव्हा रोजच्या व्यवहाराच्या गोष्टीही मांडायला हव्या होत्या. गुगल देशाच्या अक्षरांवरून ही साइट त्या देशातल्या वाचकांसाठी आहे असं धरतं. आयओ, एआय, टीव्ही, सीओ, एमई अशा काहींना ते सर्वसाधारण मानतं, कारण ती अक्षरं वापरणाऱ्या बहुतेकांच्या मनात तो देश नसतोच. म्हणजे ती परदेशी प्रकाशकांना सापडायला हवी असेल तर देशाच्या अक्षरांमुळे थोडी मागे पडू शकते, हे खरं. आणखी एक अडचण बोटांची. लोकांची बोटं नावानंतर आपोआप कॉम लिहितात. तिच्या नावाचं कॉम दुसऱ्याकडे आहे, तेव्हा चुकलेलं पत्र त्या दुसऱ्याकडे जाऊ शकतं. अमेरिकी लष्कराचं मिल लिहिताना एक अक्षर गळलं की पत्र मालीच्या डॉट एमएलवर जातं, आणि अशी पत्रं वर्षानुवर्षं ढिगाने जात होती, हे 2023 मध्ये उजेडात आलं. अनुवादाला येणाऱ्या कागदांतही करारनामे असतात, कुणाची वैद्यकीय कागदपत्रं असतात. हे मी तिला सांगितलं.

तिने शांतपणे ऐकलं आणि मग एक गोष्ट सांगितली. परदेशातल्या एका प्रकाशकाने तिला काम द्यायच्या आधी विचारलं होतं, तुम्ही नेमक्या कुठे बसून काम करता, करार कुठल्या कायद्याखाली होईल, तंटा झाला तर कुठल्या न्यायालयात जायचं? तेव्हा तिला ते हिणवल्यासारखं वाटलं होतं. आता तिला वाटत होतं, की तो माणूस फक्त तिचा ठिकाणा विचारत होता, आणि ठिकाणा असलेल्या माणसावरच विश्वास टाकता येतो. मी म्हटलं, ‘मग तू इथली आहेस हे दिसू दे. ज्यांना त्यामुळे तू लहान वाटशील, त्यांचं काम तुला नाही मिळालं तरी चालेल.’ हे मी तिला धीर द्यायचा म्हणून बोलले नाही. या कामात जितकी वर्षं काढली तितकी माझी खात्री वाढत गेली आहे, की ज्याचं काम एका समाजात रुजलेलं आहे त्याने त्या देशाची अक्षरं अभिमानाने लावावीत, आणि कॉम न मिळाल्याचं दुःख करत नावात आडव्या रेघा, आकडे, जास्तीचे शब्द घुसडू नयेत.

तिने देशाचं डोमेन घेतलं. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. वेबसाइट तिथे ठेव, पण ईमेलसाठी एक सर्वसाधारण शेवटाचं नाव वेगळं घे, असं मी म्हणत होते. साइट उद्या हलवता येते, जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वाचकाला पोहोचवता येतं. ईमेलचा पत्ता बँकेत असतो, करारांवर असतो, दहा वर्षांपूर्वीच्या ओळखीच्या माणसाच्या डायरीत असतो, शंभर ठिकाणचे पासवर्ड त्यावर उघडतात. तो पत्ता नागरिकत्वाच्या आणि रहिवासाच्या अटींवर टांगून ठेवू नये. ती म्हणाली, ‘पण मी कुठे जाणारच नाहीये.’ मी तिला डॉट ईयूवाल्यांची आठवण करून दिली. तेही कुठे गेले नव्हते. आपापल्या घरीच बसले होते, त्यांच्याभोवतीची सीमा हलली. यावर ती गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिने आपल्या नावाचं डॉट नेट घेतल्याचं कळवलं. मी तिच्या देशाच्या रजिस्ट्रीचे नियमही वाचून काढले. सध्या रहिवासाची अट नाही. पुढे येणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही.

शेवट कुठलाही घ्या, डोमेन कधीच विकत मिळत नाही. ठरावीक वर्षांसाठी ते आपल्या नावावर राहतं आणि मुदतीला पैसे भरले नाहीत की सुटतं. देशाचं की कॉम यावर महिनोन्महिने चर्चा करणारी माणसं याकडे दुर्लक्ष करतात याचं मला दुःख होतं. नाव स्वतःच्या ऐवजी साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या खात्यावर नोंदलेलं असतं. मुदतीची सूचना ज्या ईमेलवर येते तो ईमेल त्याच डोमेनवर असतो, म्हणजे डोमेन बंद पडलं की ‘तुमचं डोमेन बंद पडलं आहे’ हे पत्रही पोहोचत नाही. वाचनाचा प्रसार करणाऱ्या एका संस्थेने ऑर्ग सोडून देशाचा शेवट घेतला. निर्णय चांगला होता. त्यानंतर दोन नावांचा खर्च कशाला म्हणून त्यांनी जुनं नाव सोडून दिलं. ते सुटल्यासुटल्या कुणीतरी उचललं आणि त्यावर जुगाराच्या जाहिराती लावल्या. मुलांसाठी छापलेल्या त्यांच्या पुस्तिकांच्या मागच्या पानावर तोच जुना पत्ता होता. शिल्लक प्रतींवर त्यांनी नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, वाटून झालेल्या प्रतींचं काही करता आलं नाही. तेव्हापासून नवं काम हाती घेताना माझा पहिला प्रश्न जुन्या नावांबद्दल असतो: आजवर तुम्ही काय काय छापलं, त्यावर कुठला पत्ता आहे, आणि त्या पत्त्याचे पैसे पुढची दहा वर्षं कोण भरणार आहे?